गोदाबाई आणि सर्व्हिस मोटारीचं दार

गोदाबाईच्या सांभाराला अमरावतीच्या बाजारात नाव होतं. सांभार म्हणजे पुण्याकडची मंडळी जिला कोथिंबीर म्हणतात तीच. पण ते नाव ऐकलं की गोदाबाईला वाटे, भाजी आजारी दिसते. वलगावात पेढी नदीच्या काठाला तिचा आणि तिच्या नवऱ्याचा, शालिकरामचा, दीड एकराचा मळा होता. शालिकराम बैलांशी बोले, विहिरीशी बोले, बायकोशी मात्र गरजेपुरतं. त्यामुळे घरातलं उरलेलं सगळं बोलणं गोदाबाईच्या वाट्याला आलेलं होतं आणि तिनं ते कधी शिलकीत पडू दिलं नाही.

सकाळी उपटलेला, मुळांना ओली माती असलेला सांभार अमरावतीत ताजा उतरावा, एवढंच तिचं जगाकडे मागणं होतं. आणि ते खुशालरावांच्या मोटारीपाशी येऊन अडत होतं.

त्या काळात, म्हणजे एकोणीसशे चौतीस-पस्तीसच्या सुमाराला, वलगावहून अमरावतीला खुशालरावांची सर्व्हिस मोटार धावे. धावे म्हणायचं ते आपलं आदरानं. सहा मैल जायला पाऊण तास आणि जागेवरून निघायला दीड. मालक तेच, ड्रायव्हर तेच, आणि गाडी भरेपर्यंत सावलीत बसून जांभया देणारेही तेच. गाडीचा नियम एक होता: माणसं आत, टोपली टपावर. दीड तास टपावर तापून, वर वाटेतला फुफाटा खाऊन सांभार खाली उतरे तेव्हा तो कडब्याच्या नात्यात गेलेला असे.

"गिऱ्हाईक मले इचारते, बाई, हे मानसाले हाये का ढोराले?" गोदाबाई खुशालरावांना ऐकवी. "माहं टोपलं आत घ्या ना जी!"

"तुहं घेतलं तं साऱ्याइचं घ्या लागते. मंग मानसं टपावर बसवू?"

"बसवा. मानसं नाई सुकत."

या मुद्द्यावर खुशालराव हँडल मारायला जात.

आता त्या मोटारीच्या दाराविषयी. सांगाडा लाकडी, आत समोरासमोर दोन बाकडी आणि मागं एक दार, आतल्या बाजूला उघडणारं. उघडायला हे दार एकदम सज्जन, लागायला मात्र अट्टल. बिजागऱ्या ढिल्या होऊन ते खाली लोंबलं होतं, म्हणून खटका आपल्या घरात बसतच नसे. दोघा-तिघांनी रेटून बघावं, शेवटी दोरीनं बांधावं, आणि पहिल्याच नाल्याला दोरी सुटून दार धाडकन आत यावं. दारापाशी बसणाऱ्याच्या गुडघ्यावरून तो वलगावचा आहे हे अमरावतीत ओळखू येई.

एका चैतातल्या सकाळी हे रेटणं नेहमीपेक्षा लांबलं. टपावर सांभार तापतोय आणि खाली चार बाप्ये दाराशी कुस्ती खेळतायत, हे गोदाबाईला बघवेना. ती उठली. "सरका तिकडं!" म्हणाली. एका तळव्यानं तिनं दार खालून उचललं, कमरेचा एक टोला दिला, टाचेनं खालच्या फळीला लाथ घातली आणि म्हणाली, "बस घरात, सटवे!"

खट्. दार लागलं.

अमरावतीपर्यंत ते लागलेलंच राहिलं. उतरल्यावर खुशालरावांनी दाराकडे पाहिलं, गोदाबाईकडे पाहिलं आणि म्हणाले, "गोदाबाई, उद्यापासून टोपलं आत. पन दार तुमी लावाचं." कालपर्यंत 'तू' होती ती बाई अशी एका टोल्यात 'तुमी' झाली.

उन्हाळाभर गोदाबाईचा सांभार पायाशी गारव्याला बसून बाजारात गेला. गिऱ्हाइकानं पुन्हा ढोराचं नाव काढलं नाही.

मग लेकीचं, वच्छलेचं, बाळंतपण आलं. वच्छला दिलेली अकोल्याच्या पुढं पातूरला. गोदाबाई तिकडं गेली आणि इकडं वलगावची मोटार जागची हलेना. लोकांनी उचललं, टोला दिला, लाथही घातली. दार ढिम्म. तेव्हा कोणीतरी शोध लावला की खरी करामत त्या शब्दांत आहे.

शनिवार होता. गावच्या शाळेतले गोवर्धन मास्तर अमरावतीला घरी निघाले होते. एक म्हातारा दारासमोर उभा राहून "बस घरात, सटवे!" असं ओरडत होता. मास्तरांनी हात वर केला.

"थांबा. ते दार. नपुंसकलिंगी. त्याला 'सटवे' म्हणता येणार नाही."

"मंग काय म्हनू जी?"

मास्तर विचारात पडले. सटव्या की सटवं, यावर त्यांनी मोटारीतल्या मंडळींसमोर विभक्तीसकट विवेचन केलं. मग सगळ्यांनी एका सुरात नपुंसकलिंगी शिवी दिली. दार लागलं नाही. कोणी म्हणालं, बाईमाणसाच्या तोंडून पाहिजे. तेव्हा दुर्गाबाई नावाच्या एका सोवळ्या म्हातारीला पुढं केलं. तिच्या तोंडून शिवी निघेना. ती नुसतं "बस ना माय घरात," असं दाराला विनवत राहिली. मोटार निघाली तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं, आणि दार तिघांनी आळीपाळीनं पाठीनं दाबून धरलं होतं.

खुशालरावांना हे लागलं. आपली मोटार एका माळणीच्या कमरेवर चालते, असं लोक तोंडावर बोलू लागले होते. त्यांनी अकोल्याहून मिस्त्री आणला. त्यानं दोन दिवस खपून बिजागऱ्या बदलल्या, स्प्रिंगचा नवा खटका बसवला आणि तो निघून गेला. दार करंगळीनं लागू लागलं. खुशालराव येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून ते उघडून-लावून दाखवत. गुराख्यांना दाखवलं, कोतवालाला दाखवलं, कोणी नसलं की स्वतःलाच दाखवलं.

पातूरहून परतलेली गोदाबाई दुसऱ्या दिवशी भरलं टोपलं घेऊन दारात आली.

"टोपलं वर," खुशालराव म्हणाले.

"काहून?"

खुशालरावांनी करंगळी दाखवली आणि दार लावलं. "हे काहून."

"अन् तुमचा शब्द?"

"शब्द दारासाठी होता. दार सुधारलं."

टोपलं टपावर गेलं. गोदाबाई आत बसली ती शेजारणीशीही बोलली नाही, यावरून प्रकरण किती गंभीर होतं ते कळावं.

मोटार अमरावतीच्या बाजारात उभी राहिली. दारापाशी बसलेल्या गृहस्थानं उतरायला मूठ ओढली. मूठ त्याच्या हातात आली. दार आलं नाही. इतक्यांदा उघडून-लावून त्या खटक्यानं आपलं आयुष्य वलगावातच खर्चलं होतं.

खुशालराव पुढून उतरून मागं आले. ड्रायव्हरच्या पाठीमागच्या फळीमुळे माणसांना पुढून निघता येत नव्हतं आणि खिडक्यांना लाकडी गज. आत अठरा जण, बाहेर बघे जमू लागलेले, आणि टपावर उन्हात सांभार.

"गोदाबाई," बाहेरून आवाज आला, "पाहा ना जरा."

"माहं काम लावाचं होतं. उघडाचं मिस्त्रीचं."

"थो तं अकोल्याले गेला!"

"मंग जाऊ द्या मोटार अकोल्याले. आमी बसलोच हावो."

आतले सतरा जण एकदम बोलू लागले. कोणाची कोर्टाची तारीख होती, कोणाला दवाखाना होता. गोदाबाईचं लक्ष छताकडे होतं; वर काय चाललं असेल ते तिला फळीतून दिसत असल्यासारखं.

"बोला ना माय, काय पायजे तुमाले?" खुशालराव गजाला नाक लावून म्हणाले.

"टोपलं आत. दार लागो, नाई तं न लागो. मोटार चालून राहिली तोवर माहं टोपलं आत. म्हना साऱ्याइसमोर."

खुशालरावांनी बाजाराकडे पाहिलं. बाजार त्यांच्याकडे पाहतच होता. "दार लागो, नाई तं न लागो, गोदाबाईचं टोपलं आत," ते म्हणाले.

"मोठ्यानं."

ते मोठ्यानं म्हणाले. बघ्यांतल्या एकानं टाळी वाजवली.

गोदाबाई उठली. खरं सांगायचं तर दार उघडायची कला तिला येत नव्हती. तिला एकच कला येत होती, तीच तिनं केली. तळव्यानं उचललं, टाचेची लाथ घातली आणि सकाळपासूनचा राग कमरेत गोळा करून टोला हाणला.

दार उघडलं नाही. दार गेलं. नव्या बिजागऱ्या, नवा खटका आणि चौकटीचं अर्धं लाकूड बरोबर घेऊन ते रस्त्यावर आडवं झालं; खुशालराव वेळेवर उडी मारून वाचले. आतली माणसं त्या दारावरूनच पाय देत उतरली.

परत जाताना दार टपावर बांधलं आणि टोपलं आत आलं.

चौकट अशी फाटली होती की सांगाडाच नवा करावा लागेल, असं अमरावतीतल्या सुतारानं सांगितलं, आणि एवढ्यात ते खुशालरावांच्यानं होणारं नव्हतं. दाराची जागा उघडी ठेवावी तर माणूस खड्ड्यागणिक बाहेर पडायचा. शेवटी गोदाबाईचं टोपलं त्या मोकळ्या जागेत ठेवून पाहिलं. बांबूचं, रुंद, काठोकाठ भरलेलं. दोन्ही बाजूंना दोरीनं आवळलं आणि मागं गोदाबाई मांडी घालून बसली, तर बोटभर फट उरली नाही. शिवाय वारा थेट जुड्यांना लागे.

पुढं एकदा भातकुलीकडचा एक पाहुणा वलगावात मोटारीत येऊन बसला. गाडी भरलेली, इंजिन सुरू, खुशालराव चाकाला हात लावून बसलेले, तरी गाडी हलेना. त्यानं शेजाऱ्याला विचारलं, "काहून थांबून राहिली बाप्पा?"

"दार याचं बाकी हाये अजून."

"दार? कुठून?"

शेजाऱ्यानं नदीकडं बोट दाखवलं. मळ्याच्या पायवाटेनं दार येत होतं, डोक्यावर पाणी मारलेला सांभार घेऊन, वाटेत भेटलेल्या बाईला वच्छलेच्या बाळाचं नाक कोणावर गेलं ते सांगत. थांबत होतं, पुन्हा चालत होतं. खुशालरावांनी भोंगा वाजवला, पण हळूच.