पंढरीदादांचा फ्रीजर आणि नवमीचा कावळा

अंजूरच्या पंढरीदादांच्या घरी मोठा डीप फ्रीजर बाहेरच्या उघड्या ओटीवर असतो, आणि कारण साधं आहे: तो दारातून आत जात नाही. जानकीबाईंनी तो आणला त्या दिवशी लोकांनी तो आडवा करून पाहिला, उभा करून पाहिला, दाराच्या फळ्या काढून पाहिल्या.

"आधी माप घ्याचा असतो," पंढरीदादा म्हणाले.

"लग्नाच्या आधी मी तरी तुमचा माप घेतलेला काय?" जानकीबाई म्हणाल्या. "चाललाच ना?"

फ्रीजर ओटीवरच राहिला.

जानकीबाई खाडीची मच्छी विकायच्या. गिऱ्हाईक थेट निजामपुऱ्यातल्या कापड विणणाऱ्या लूमवाल्यांपर्यंत. सकाळी मच्छी साफ झाली की डोकी, शेपट्या आणि आतली घाण परसात केळीच्या बुंध्याशी टाकायच्या आणि हाक द्यायच्या, "या रे, आपापला घेऊन जा." मांजरं यायची, कावळे यायचे, एखादं मुंगूसही येऊन जायचं. खाऊन झालं की सगळे आपल्या वाटेला लागत. उघड्यावरच्या त्या फ्रीजरकडे कुणी ढुंकून पाहत नसे. पंढरीदादांना हा शुद्ध गाढवपणा वाटायचा. उभा जन्म त्यांनी गोदामांच्या फाटकावर वॉचमनकी केली होती. चोराला चहा पाजून राखण होत नसते, हे त्यांचं ठाम मत होतं.

गेल्या वर्षी आषाढात जानकीबाई गेल्या. सकाळी कोळंबी सोलली, पिशवीत भरली, लूमवर कापून टाकलेल्या काठाच्या चिंधीनं पिशवीचं तोंड बांधलं, फ्रीजरच्या तळाशी ठेवली, आणि दुपारी छातीत कळ आली ती आलीच. बाकीची मच्छी पुढे विकली गेली. ती पिशवी मात्र पंढरीदादांनी विकली नाही, शिजवली नाही, कुणाला हातही लावू दिला नाही. आता धंदा सून मृणाली बघते. तिनं एकदा भीत भीत विचारलं, "बाबा, ती जुनी कोळंबी टाकू का?" त्या दिवशी पंढरीदादा जेवले नाहीत. तो विषय पुन्हा निघाला नाही.

माणूस आपल्या बायकोला राखू शकला नाही, तेव्हा निदान तिच्या हातची पिशवी तरी राखायची, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. बोलून दाखवलं नाही एवढंच.

पहिला हुकूम सुटला तो केळीखालच्या जेवणावळीवर. "फुकटचा खायला घालाचा न्हाय. सवय लागते." झालं, जेवणावळ बंद पडली आणि लढाई सुरू झाली. मांजरांनी झाकणावर ठाण मांडलं. फ्रीजरच्या मागच्या उबेला उंदरानं बिऱ्हाड केलं, आणि उंदराच्या वासावर एक धामण आली. पंढरीदादांनी मागे जाळी ठोकली, तर फ्रीजरला हवा मिळेना आणि तो तापून धापा टाकू लागला. पावसासाठी वर पत्रा घातला, तर पत्र्याचं सगळं पाणी नेमकं झाकणाच्या फटीवर पडू लागलं. खाडीला उधाण आलं आणि अंगणात पाणी शिरलं, तेव्हा फ्रीजर सिमेंटच्या ठोकळ्यांवर चढवला. तो इतका उंच झाला की मृणालीला बांगडा काढायला स्टुलावर उभं राहावं लागे. वीज गेली की पंढरीदादा त्याला गोधडी पांघरत आणि शेजारी बसून राहत, तापकऱ्याजवळ बसावं तसे.

पण खरा वैरी निघाला कावळा. झाकणाच्या रबराला मच्छीचं पाणी लागलेलं असतं. कावळे ते रबर चोचीनं ओढून काढू लागले. फट पडली, बर्फ सुटू लागला, आणि तळाची पिशवी एका कडेनं मऊ लागली.

मग पंढरीदादांनी काय केलं नाही? गाण्यांच्या जुन्या चकचकीत सीड्या टांगल्या. छत्रीच्या काळ्या कापडाचा मेलेला कावळा करून पत्र्याला उलटा लटकवला. गावातल्या समस्त कावळ्यांनी शेवग्यावर जमून त्याची शोकसभा केली. शेवटी आपला वॉचमनचा खाकी ड्रेस पेंढ्यावर चढवून त्यांनी फ्रीजरशेजारी उभा केला, शिट्टीसकट. कावळे हटले, पण विसरले नाहीत. पंढरीदादा रस्त्यानं निघाले की मागून डोक्यावर कावळ्याची टपली पडे. कडक उन्हात ते छत्री घेऊन दुकानात जाऊ लागले. पण अंगणात कावळा फिरकेनासा झाला, आणि त्यांनी मिशीवर ताव मारला.

तो ताव भाद्रपदापर्यंत टिकला.

सवाष्ण गेलेल्या बाईचं पान अविधवा नवमीला ठेवतात. वर्षश्राद्ध उरकल्यानंतरची जानकीबाईंची ही पहिली नवमी. मृणालीनं खीर, वडे, भोपळ्याची भाजी केली. कुंपणाच्या भिंतीवर पान ठेवलं. त्या पानाला कावळा शिवेपर्यंत घरात कुणी जेवायचं नाही. आजूबाजूच्या घरांवर कावळ्यांची रीघ लागली होती. ह्यांच्या भिंतीवर चिटपाखरू नाही.

"काव काव," पंढरीदादांनी सुरुवात केली. वर्षभर ज्या घशातून "हुस्स" निघालं, त्यातून "या या" निघेना.

तेवढ्यात निजामपुऱ्याचे फखरुद्दीनभाई स्कूटरवरून आले. जानकीबाईंचं जुनं गिऱ्हाईक. त्यांनी एकदा पानाकडे पाहिलं, एकदा खाकी ड्रेसकडे.

"पंढरीदादा, दारात पोलीस उभा करून पाहुण्यांना दावत देताय?"

खाकी ड्रेस उतरला. सीड्या उतरल्या. कापडी कावळाही उतरला. शेवग्यावर एक कावळा येऊन बसला, मान वाकडी करून बघू लागला. पण खाली येईना.

कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्या माणसाच्या मनात काही राहिलंय, हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पंढरीदादांनी हात जोडले. "जानके, दार मोठा करतो, फ्रीजर आत घेतो." कावळा ढिम्म. "तुझ्या भावाशी बोलतो." ढिम्म. "भिशीच्या बायांना नावां ठेवनार न्हाय." कावळ्यानं पंखाखाली चोच साफ केली.

उन्हं वर आली. पंढरीदादांचा चेहरा उतरला. ज्या पाखरांना तिनं रोज हाक मारून जेवू घातलं, त्यांना आपण काठी दाखवली, आणि आता तिचाच घास अडला. "माज्यामुलंच उपाशी ऱ्हायली ती," ते म्हणाले, आणि ओटीच्या पायरीवर बसले.

मृणाली हळूच म्हणाली, "बाबा, आईंना खीर कुठं आवडायची?"

जानकीबाईंना काय आवडायचं, ते तिघांनाही माहीत होतं.

"नवमीच्या पानावर मच्छी?" पंढरीदादांनी विचारलं, पण ते उठले होते.

ते स्टुलावर चढले आणि तळाशी हात घालून पिशवी काढली. गाठ तशीच होती. जानकीबाईंची गाठ दिसायला घट्ट, पण एक टोक ओढलं की सुटायची. पंढरीदादा ते टोक हातात धरून बराच वेळ बसले. फखरुद्दीनभाईंनी उगाच स्कूटरचा आरसा पुसायला घेतला. मग पंढरीदादांनी टोक ओढलं.

कोळंबीचा गोळा उन्हात सुटेपर्यंत ते त्याच्याजवळ बसून राहिले. मग मूठभर कोळंबी खिरीशेजारी ठेवली, मागे सरले, आणि हाक दिली. "काव काव" नव्हे, दुसरीच.

"या रे," आवाज फाटला, "आपापला घेऊन जा."

कावळा आला. आधी फ्रीजरच्या झाकणावर, मग भिंतीवर. एक कोळंबी उचलली, दुसरीही उचलली. मागोमाग सगळी शोकसभाच उतरली. खिरीला कुणी चोच लावली नाही.

"बाईंचीच आवड," फखरुद्दीनभाई म्हणाले.

पंढरीदादा हसत होते आणि डोळे पुसत होते, दोन्ही एकदमच. चिंधी त्यांनी घडी करून खिशात घातली.

पोट भरल्यावर एक कावळा पुन्हा झाकणावर जाऊन बसला आणि जुन्या सवयीनं रबर ओढू लागला. पंढरीदादांचा हात काठीकडे गेला आणि अर्ध्यातून परत आला.

"ओढ," ते म्हणाले. "आता आत माजा काय न्हाय."

"बाबा!" मृणाली घरातून ओरडली. "माझी सुरमई हाय की!"