बर्फ खरवडणारा माणूस

नील, ईरा,

तुमच्याकडून परत येऊन महिना झाला, तरी आईस हॉकीच्या त्या सामन्यातला एक माणूस माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. खेळाडू नव्हे, छोटं फावडं घेऊन बर्फावर आलेला तो म्हातारा.

तेरा वर्षांच्या एका मुलाला दुसऱ्याने वेगात येऊन कडेच्या फळ्यांवर आपटलं होतं. त्याचं नाक फुटलं. त्याला आत नेलं आणि या म्हाताऱ्याने लाल झालेला बर्फ तेवढा खरवडून बादलीत भरला, वर पांढरा भुगा दाबला. माझ्या पुढच्या बाईंचा पॉपकॉर्नमधला हात क्षणभरही थांबला नाही.

"शिट्टी का नाही वाजली रे?" मी तुमच्या बाबाला विचारलं.

"आई, या वयापासून धक्का नियमात बसतो. खेळात एवढं चालायचंच."

"चालतं, म्हणून तर पुसायला माणूस ठेवलाय!"

डाग दिसला की लगेच पुसायचा, हे मीच तुम्हाला शिकवलं. पण तिथल्या त्या स्वच्छतेची मला किळस आली. दोन मिनिटांत बर्फ असा कोरा झाला, जणू कुणाला काही लागलंच नव्हतं.

नील, पुढच्या वर्षी तू तेरा वर्षांचा होशील. धक्क्याचं वय वाढवावं का, हे ठरवायला तुमच्या क्लबात रविवारी पालक हात वर करणार आहेत. हे पत्र बाबाला वाचून दाखव. त्या दिवशी त्याचाही हात पॉपकॉर्नमध्येच होता. रविवारी तो वर हवा.