साळव्याने लावून दिलेल्या जोड्या

साळवे गेल्याचं मला कुणी सांगितलं नाही, मी ते फोनवर वाचलं. मांजर्लीतल्या गिरणीत दळण ठेवून बाकड्यावर बसलो होतो. त्याच्या इंग्रजी क्लासच्या जुन्या मुलांच्या ग्रुपवर मला त्यानेच घुसवलं होतं, तिथे एकामागून एक मेसेज पडायला लागले. डीपली सॅडन्ड. सोअरली मिस्ड. कोण गेलं हे कुणीच लिहीत नव्हतं, पण सगळ्यांचं इंग्रजी इतकं बिनचूक होतं की मला कळून चुकलं. वर सरकवत गेलो तेव्हा त्याच्या मुलाचा, राहुलचा दोन ओळींचा मेसेज दिसला. मला त्या पोरांचा रागच आला. माणूस जाऊन तास झाला नाही आणि यांना शब्द कसे सापडतात? एका मुलीने तेवढं 'व्हेरी व्हेरी मिस यू सर' असं लिहिलं होतं. साळव्याने त्याखाली लाल रेघ ओढली असती. मला मात्र ती एकटीच रडतेय असं वाटलं... दळण गिरणीतच राहिलं.

अंबरनाथच्या एका शाळेत आम्ही दोघांनी जवळजवळ सगळी नोकरी बरोबर काढली. तो इंग्रजी शिकवायचा, मी मराठी. मी पालेगावचा, शेतीवाल्या घरातला. जिथे आम्ही भात लावायचो तिथे आता टॉवर आहेत. तो बौद्ध कामगाराचा मुलगा. वडील कारखान्यात ओझी उचलायचे आणि मुलाने साहेबासारखं इंग्रजी बोलावं एवढा एकच हट्ट त्यांनी आयुष्यभर धरला. तो साळव्याने पुरा केला आणि मग दुसऱ्यांच्या मुलांच्या मागे लागला. शाळा सुटली की उल्हासनगरला, कॅम्प चारमध्ये, एका कापडाच्या दुकानाच्या माळ्यावर त्याचा स्पोकन इंग्लिशचा क्लास भरायचा. जीन्सच्या कारखान्यातली पोरं, दुकानांत काउंटरला उभ्या राहणाऱ्या मुली, नर्सिंगवाल्या... खालचा सिंधी मालक अधूनमधून जिन्याशी येऊन म्हणायचा, "मास्तर साईं, थोडा धीरे, ग्राहक भागता है." पण त्या क्लासमध्ये सगळं कोरसमध्ये चालायचं, तिथे धीरे काही होणं शक्य नव्हतं.

साळव्याचा नियम असा की क्रियापद एकटं तोंडातून काढायचं नाही, सोबत्याला घेऊनच काढायचं. गरज आहे म्हणजे नुसतं नीड नाही, बॅडली नीड. विसरलो म्हणजे कम्प्लीटली फरगॉट. माफी मागायची तर सिन्सिअरली अपॉलोजाइज, समजलं तर फुली अंडरस्टँड. तो पहिला शब्द टाकायचा, मुलं दुसरा ओरडायची. कुणी विचारलंच की सर, बॅडली म्हणजे तर वाईट, मग गरज वाईट कशी, तर तो म्हणायचा की त्यांचे कांदेपोहे आपल्या आधी झालेत, तुला पसंत असो नसो, संसार त्यांचा आहे. पाऊस हेविली पडतो, माणूस हेविली पितो, पण हेविली बोलत नाही. का, ते विचारायचं नाही. व्याकरण मागून येईल, आधी जिभेला सवय लागू दे. आणि लागायची. मुलाखतीत घाबरून बाकी सगळं विसरलेली पोरं या जोड्यांवर तरून जायची.

हा पोपट तयार करायचा कारखाना आहे असं मी त्याला चिडवायचो. तो माझ्यावरच उलटायचा. "म्हात्रे, तुमच्या मराठीत वेगळं काय आहे रे? ढसाढसा फक्त रडता येतं. ढसाढसा हसून दाखव." मग मी तावातावाने घटाघटा पिणं, टकमक बघणं, कडकडून भूक लागणं असं एकेक काढत बसायचो, आणि आपण त्याचीच वकिली करतोय हे माझ्या लक्षात येईपर्यंत तो खदाखदा हसत सुटलेला असायचा. भांडखोर होता, चेष्टेखोर होता, आणि बोलल्याशिवाय त्याला अन्न पचायचं नाही. अशा माणसाच्या वाट्याला जे आलं ते यायला नको होतं. याहून वेगळं काही मला आजही सुचत नाही.

दोन वर्षांपूर्वी एका सकाळी कात्रपच्या फ्लॅटमध्ये दाढी करताकरता तो खाली बसला आणि त्याला उठता येईना. मेंदूतल्या रक्तवाहिनीत गुठळी. उजवा हात गेला, पाय अर्धा गेला, वाचा पूर्ण गेली. बरेच दिवस तोंडातून नुसता घोगरा आवाज यायचा. मग एकदा त्याची बायको, शकुंतला वहिनी, त्याला पेज भरवत होत्या. गरम आहे का हो, असं त्यांनी विचारलं, आणि साळवे खणखणीत आवाजात म्हणाला, "फुली अंडरस्टँड." वहिनींनी वाटी खाली ठेवली आणि सगळ्यांना फोन केले. मी पेढे घेऊन गेलो. आपण कशाचे पेढे वाटले हे आम्हाला नंतर कळलं.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं. मनातलं शब्दांत आणणारा मेंदूचा भाग गेलाय, पण वर्षानुवर्षं घोकलेलं दुसरीकडे साठतं, ते शाबूत आहे. कुणाचे श्लोक उरतात, कुणाच्या शिव्या. साळव्याच्या त्या जोड्या उरल्या. ऐकलेलं त्याला सगळं समजत होतं, ते त्याच्या डोळ्यांत दिसायचं. पण पाणी हवं असलं की बाहेर यायचं सिन्सिअरली अपॉलोजाइज. पाठ दुखली की स्ट्राँगली रेकमेंड. मराठीचं एक अक्षर नाही. वहिनी सातवी शिकलेल्या. मला फोन लावून विचारायच्या की आज हे असं म्हणाले, त्याचा अर्थ काय. मी अर्थ सांगायचो. मग त्या विचारायच्या, पण भाऊजी, त्यांना हवंय काय? ते मला सांगता यायचं नाही. त्यांना स्वतःला मात्र त्याच्याकडून एकच गोष्ट हवी होती. घरात शिरताना चप्पल काढायच्याही आधी तो 'शकू' अशी हाक मारायचा. एकदा तेवढी हाक मारली की मग बाकी काही नाही बोलले तरी चालेल, असं त्या म्हणायच्या.

वाचा सुधारायला एक बाई घरी यायच्या. रोज आरशासमोर बसवून पाणी, हो, नको आणि बायकोचं नाव एवढंच करून घ्या, महिनोन्‌महिने लागतील, असं त्यांनी बजावलं होतं. ते बघवायचं नाही. 'श'साठी तोंड वळवताना साळव्याच्या मानेच्या शिरा फुगायच्या, घाम फुटायचा आणि शेवटी यायचं ते स्ट्राँगली. त्यात एका रविवारी क्लासची जुनी मुलं भेटायला आली. एकाने गमतीने पहिला शब्द टाकला आणि साळव्याने दुसरा फेकला. सगळं घर टाळ्या वाजवायला लागलं. मग दर रविवारी क्लास भरायला लागला, राहुलने व्हिडिओ काढले, शेजारी बघायला यायला लागले. आरसा मागे पडला, बाईंचं येणंही थांबलं. जो माणूस इतकं फाडफाड इंग्रजी बोलतो तो मराठी काय, आपोआप बोलेल, असं आम्ही सगळे धरून चाललो. इंग्रजी आलं की सगळं आलं, या समजुतीवर तर आमच्याकडच्या दोन पिढ्या वाढल्यात. वहिनींनीसुद्धा त्या जोड्या पाठ केल्या. भाजी निवडतानिवडता त्या 'बॅडली' म्हणायच्या आणि आतल्या खोलीतून 'नीड' यायचं. त्यांचा संसार तेवढ्यावर चालला होता.

मागच्या थंडीतला एक रविवार मला विसरता येत नाही. मुलं रंगात आली होती, साळवे भराभर उत्तरं देत होता. मध्येच त्याने दाराशी उभ्या असलेल्या वहिनींकडे पाहिलं. तोंडाने थरोली एन्जॉइड म्हणाला, आणि डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. मुलांना वाटलं, सरांना गहिवरून आलं. त्याने डावा हात उचलला आणि स्वतःचं तोंड दाबून धरलं, घट्ट, बोटं गालात रुतेपर्यंत. त्यानंतर तो बोलला नाही. तपासण्या झाल्या, दुसरा झटका वगैरे काही नव्हता. पहिल्यांदा वाचा गेली ती आजाराने, या वेळी ती त्याने स्वतः बंद केली. आपण जे म्हणतोय ते आपलं नाही हे त्याला रोज कळत होतं, आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. वहिनींनी पुन्हा आरसा काढला, तर तो भिंतीकडे वळायचा. हे माझ्यावर रुसलेत का, असं त्यांनी मला एकदा विचारलं. मी नाही म्हणालो. पण मला तरी काय माहीत होतं? असाच भिंतीकडे तोंड करून तो महिनोन्‌महिने पडून राहिला आणि तसाच गेला.

जलदान विधीला हॉल भरला होता. सर शेवटपर्यंत शिकवत राहिले, असं एका माजी विद्यार्थ्याने भाषणात सांगितलं आणि लोकांनी माना डोलावल्या. मी उठून बाहेर गेलो. यात समाधान मानण्यासारखं काही आहे असं ज्याला वाटतं त्याने खुशाल वाटून घ्यावं. एक बोलका माणूस स्वतःच्या घरात, स्वतःच्या माणसांत, एक शब्द न सापडून गेला, यापलीकडे मला काहीच दिसत नाही.

गेल्या आठवड्यात कात्रपला गेलो होतो. आतल्या खोलीतला पलंग राहुलने अजून हलवू दिलेला नाही... की वहिनींनी, कोण जाणे. त्या जमिनीवर बसून मेथी निवडत होत्या. पेन्शनच्या कागदांचं वगैरे बोलणं झालं आणि संपलं. मग मान वर न करता, अगदी सवयीने, आतल्या खोलीच्या दिशेने त्या म्हणाल्या, "बॅडली..." आणि इतकी वर्षं ऐकून ऐकून माझ्याच तोंडून 'नीड' निघून गेलं. त्यांचा हात थांबला.

"तुम्ही नका म्हणू भाऊजी," त्या म्हणाल्या. "तिथे मी जरा थांबते रोज. त्यांची हाक मारायची राहिलीय."

मी मेथीची एक जुडी माझ्याकडे ओढली आणि निवडायला लागलो.