बायकोची दोन नावं

आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. माझ्या बायकोचंही बदललं. नवं नाव माझ्या वडिलांनी ठरवलं, तिला कोणी विचारलं नाही. गेल्या वर्षी आम्ही दोघं आणि माझा भाऊ-भावजय जळगावहून मुंबई-गोवा क्रूझसाठी निघालो. तिकिटं मी काढली, तिच्या तिकिटावर सासरचं नाव घातलं. तिचं आधार मात्र साक्रीच्या शाळेच्या दाखल्यावरून काढलेलं, माहेरच्या नावाचं.

बंदरावरच्या काउंटरवरील मुलीने दोन्ही कागद शेजारी ठेवले. "सर, नावं जुळत नाहीत. नाव बदलल्याचं गॅझेट आहे?"

नव्हतं. इतक्या वर्षांत ते करावं असं मला कधी सुचलंच नाही. भाऊ शपथेवर सांगायला तयार होता, पण तोंडी साक्ष तिथे चालत नव्हती.

बायको रांगेतून बाजूला झाली. "तुम्ही जा," ती म्हणाली. "तुमनं नाव ते बराबर शे."

तिने फार आग्रह केला, असं मी सगळ्यांना सांगतो. खरं तर ती एकदाच म्हणाली आणि मी गेलो. ती एकटी गाडीने जळगावला परतली.

मी घरी आलो तेव्हा तिने जेवायला वाढलं आणि बोट कशी होती म्हणून विचारलं. "ठीक होती," मी म्हणालो. खूप छान होती.