नाकातून ओवलेला दोरा

माझ्या वडिलांना, अण्णांना, एक जादू यायची. रविवारची जेवणं झाली की ते आईच्या शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा घ्यायचे, मेणबत्तीवर घासून ताठ करायचे आणि एका नाकपुडीतून घालून दुसरीतून बाहेर काढायचे. मग दोन्ही टोकं धरून मागे-पुढे ओढायचे. मी आणि माझा धाकटा भाऊ हसून गडाबडा लोळायचो. काळेवाडीतल्या आमच्या चाळीतली पोरं मुद्दाम बघायला यायची. दुसऱ्या कुणाच्या बापाला हे येत नाही याचा मला केवढा गर्व होता. आता तो गर्व आठवला की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

अण्णा लातूरकडून आले आणि भोसरीतल्या एका लहानशा क्रोम प्लेटिंगच्या शॉपमध्ये चिकटले. गाड्यांच्या शॉकअपचे रॉड आम्लाच्या टाकीत लटकवायचे, करंट सोडायचा, चकचकीत झाले की बाहेर काढायचे. टाकीवर सतत पिवळट वाफ. नव्या माणसाच्या नाकातून पहिले काही महिने रक्त यायचं, खपल्या धरायच्या. जुनी माणसं त्याला धीर द्यायची, घाबरू नको राव, रक्त थांबलं की नाक सेट झालं म्हणून समज. नाक सेट झालेला गडी टिकणार, अशी तिथली समजूत. परमनंटचा कागद कुणाला मिळायचा नाही, नाक मात्र परमनंट व्हायचं.

मी लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि चाकणच्या पुढे एका प्रयोगशाळेत लागले. नाकात थेंब टाकून द्यायच्या लशी तिथे डुकरांवर तपासतात. मेलेल्या डुकराचं नाक करवतीवर आडवं कापायचं, सडू नये म्हणून फॉर्मॅलिनमध्ये ठेवायचं, मग आम्लात हाड मऊ झालं की मेणात बसवून केसाहून पातळ काप काढायचे, हे माझं काम. आईनं शेजारीपाजारी एवढंच सांगितलं, पोरगी लॅबमध्ये आहे. डुकराचं नाव ती घरात घेऊ देत नाही, आणि मी आले की आधी आंघोळ, मग चहा.

पण खरं सांगते, कापलेलं ते नाक पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बघतच राहिले. बाहेरून चिखलात खुपसायचं थोबाड, त्याच्या शेंड्यात उकरण्यासाठी खास एक हाड. आणि आत सुरळीच्या वडीसारखी गुंडाळलेली पातळ हाडं, त्यांच्यावर ओलसर गुलाबी अस्तर, मधोमध सरळ उभा पांढरा पडदा. सगळ्यात मागे, घशाच्या छताशी, टॉन्सिलसारखा मऊ उंचवटा. रंग दिला की त्यात जांभळ्या ठिपक्यांचे गठ्ठे दिसतात. रोगाशी लढणाऱ्या पेशी त्या. श्वासाबरोबर आत आलेला प्रत्येक जंतू, प्रत्येक कण तिथे तपासला जातो, कंपनीच्या गेटवर गेटपास बघतात तसं. लस चालली की नाही, हे त्या गठ्ठ्यांवरून कळतं.

एकदा एका खेपेची सगळीच नाकं खराब निघाली. अस्तर भाजल्यासारखं, जागोजागी सोललेलं. गोठ्यातल्या मुताचा अमोनिया साचला होता. आमचे साहेब जनावरांचे डॉक्टर. ते भिंगातून बघत शांतपणे सांगत होते, की मधल्या पडद्यातल्या कूर्चेला, म्हणजे मऊ हाडाला, स्वतःचं रक्त नसतं, ती अस्तरावर जगते. अस्तर गेलं की कूर्चा उपाशी मरते.

"याहून जहाल वाफ असती तर पडद्याला भोक पडलं असतं," ते म्हणाले. "मग रक्त थांबतं, दुखायचंही थांबतं. दुखायला तिथं काही उरतच नाही."

माझ्या हातात चिमटा होता. मला फक्त मेण लावलेला पांढरा दोरा दिसत होता.

त्याच दिवशी डुकरांच्या गोठ्यात दोन नवे एक्झॉस्ट फॅन बसले. भोसरीतला टाकीवरचा एक्झॉस्ट पार दिवाळीपासून बंद होता.

घरी जाऊन मी अण्णांना सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे ओकलेच. ते ताटावरून उठले. बापाचं नाक डुकराला लावायलीस का, म्हणाले. त्यांच्या शॉपमध्येही वर्षातून एकदा डॉक्टर यायचा. बीपी बघायचा, छातीला नळी लावायचा, 'ठीक' लिहायचा. इतक्या वर्षांत एकदाही त्यानं नाकात बॅटरी मारून बघितलं नव्हतं. आमच्याकडे प्रत्येक डुकराच्या नाकाला नंबर असतो, फोटो असतो, फाईल असते.

मी अण्णांसाठी भांडत नव्हते, त्यांचं जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. त्यांचे गुडघे गेले होते, आणि मालकानं सांगितलं होतं की तुमच्या जागी पोराला लावा. भाऊ आयटीआय झालेला. चाकणला कंत्राटावर लागायचा, सात महिने झाले की ब्रेक, पुन्हा घरी. त्याला ही जागा म्हणजे लॉटरीच वाटत होती. मी विरोध केला तर म्हणाला, ताई, तू एसीत बसून बोलतेस. एवढं लागलं मला ते, कारण खरं होतं.

शेवटी मी एका चांगल्या नाकाच्या कापाचा फोटो छापून घरी आणला. अण्णांनी तो खिडकीशी नेऊन बराच वेळ पाहिला. मधल्या पडद्यावर बोट ठेवलं, मग तेच बोट स्वतःच्या नाकाशी नेलं.

"मला वास येईना झालाय, बाई," ते हळूच म्हणाले. "लई वर्षं झाली. तुझ्या आईला सांगू नको."

आईच्या फोडणीला रोज दाद देणारा माणूस. 'वास छान सुटलाय' हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, दोन्ही एकदम.

भावाचं जॉइनिंग सोमवारी होतं. रविवारी जेवणानंतर अण्णांनी स्वतःहून दोरा मागितला. मेण लावलं, ओवला, दोन्ही टोकं धरली आणि भावाला म्हणाले, नीट बघ, ही जादू नाही, हे भोक आहे. इतक्या वर्षांत त्यांनी हे पहिल्यांदा कबूल केलं.

भाऊ हसत सुटला. आईसुद्धा हसली. हसणारच ना, आम्हाला त्यांनीच शिकवलं होतं या दोऱ्याला हसायला.

"अण्णा, परत एकदा करा, मोबाईलवर व्हिडिओ घेतो," भाऊ म्हणाला.

त्यांनी दोरा काढला, बोटाला गुंडाळला आणि डब्यात ठेवून दिला. सोमवारी भाऊ कामावर गेला.

पहिल्या महिन्यातच त्याच्या उशीवर रक्ताचे डाग दिसू लागले. आई रोज सकाळी त्याच्या नाकात साजूक तुपाचे थेंब सोडायची. मी मास्क आणून दिले. गरम होतं म्हणून ते त्यानं बाईकच्या डिकीत ठेवले. मी नाकाच्या डॉक्टरकडे चल म्हटलं, तर सुट्टी नाही.

चार-पाच महिन्यांनी एका रविवारी त्यानं आईचा तुपाचा हात बाजूला केला.

"आता नको, आई. रक्त थांबलं."

आईनं देवाला हात जोडले आणि शिरा करायला घेतला. भाऊ अण्णांकडे बघून हसला, आता झालो मी तुमच्यातला, अशा थाटात. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. त्या घरात आम्हा दोघांनाच कळलं होतं की काय झालंय.

आईनं शिऱ्याची वाटी त्यांच्यापुढे ठेवली आणि नेहमीसारखी उभी राहिली. अण्णांनी वाटी नाकाशी नेली.

"वास छान सुटलाय," ते म्हणाले.