चेअरमनला मागं बसवणारी

शेवटचं आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं काम म्हणजे शाळेचा तांदूळ निवडणं. दिवस मावळतीला, ओसरीवर दोन सुपं, एक तिचं, एक माझं. माझ्या सुपात खडा राहिला की ती सूप ओढून घ्यायची. म्हणायची, "तुमाला दूध मोजायला ठेवलंय तेच बरं." दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत ती घागरीला टेकून खाली बसली, ती उठलीच नाही.

गावात तिला नावानं कुणी हाक मारत नव्हतं. शाळेत खिचडी शिजवायची म्हणून ती सगळ्यांची खिचडीमावशी. तिलाही पोरांची नावं येत नव्हती. ती पोरं ओळखायची खाण्यावरून. हा दोन पळ्यांचा, ही वाटाणे वेचून टाकणारी, हा निम्मं चड्डीच्या खिशात घालून धाकट्या बहिणीला नेणारा. त्या खिशावाल्याला ती न मागता जास्ती वाढायची आणि वर शिवीही द्यायची. शिवी दिल्याबिगर तिच्या हातून वाढलं जात नव्हतं.

दुष्काळाचं दुसरं वर्ष. जनावरं छावणीला गेलेली, आमच्या दूध सोसायटीचे कॅन पालथे पडलेले. तेव्हा सोसायटीचा चेअरमन फोटोवाल्याला घेऊन शाळेत आला आणि पंगतीत पहिल्या जागी बसला. मी त्याच्या हाताखालचा माणूस, दाराशी उभा. ही पातेलं घेऊन आली, त्याच्यासमोर थांबली. म्हणाली, "चेअरमनसायेब, हितं पैलीची पोरं बसत्यात. तुमची जागा मागं हाय." माझं काम गेलं असंच मी धरून चाललो. चेअरमन उठला, मागं जाऊन बसला, आणि खिचडी खाऊन ताटही त्यानंच धुतलं. घरी मी तिला लई बोललो. ती म्हणाली, "त्याला भूक होती, दिसत न्हवती व्हय तुमाला?"

ती गेली तेव्हा शाळा एक दिवस बंद राहिली. गावात एक लग्न होतं, त्यांनी वाजंत्री न लावता हळद लावली. पोरं नव्या बाईच्या हातची खिचडी ताटात तशीच ठेवून उठायची.

नवव्या दिवशी शाळेचं नाटक होतं. आधीच ठरलेलं, तालुक्याचे साहेब यायचे होते. नाटक दुष्काळावरचं, शाळेतल्या बाईंनी रचलेलं, आणि त्यात चेअरमनला मागं बसवायचा तो प्रसंग घातलेला. हिचं सोंग करणार होती मेंढरं राखणाऱ्याची नात, सोनी. बाई तिला घेऊन माझ्याकडं आल्या. तेवढा प्रसंग गाळू का, म्हणून विचारायला. सोनी खाली मान घालून म्हणाली, "मावशी म्हणली होती, पाठ न्हाई केलं तर करपलेली वाढीन." मी म्हणालो, गाळू नका, मी येतो बघायला.

हे थोरल्या भावानं ऐकलं. भावकी ओसरीवरच बसलेली. तो म्हणाला, "उद्या दहावा हाय अन् आज तू सोंगं बघायला निघालास? लाज हाय का रं?" मी म्हणालो, सोंग तिचंच हाय. तो म्हणाला, "जा. मग उद्या घाटावर तुझा तू जा. आमच्यातलं कुणी येणार न्हाई." एवढं बोलून तो उठून गेला. त्याच्या मागं सगळे गेले. सुतकातल्या माणसानं कुठं बसू नये, कुणाला शिवू नये. म्हणून मी घरचं पोतं बगलेत मारलं आणि निघालो.

नाटक सोसायटीच्या रिकाम्या शेडमध्ये. मी कडेला खांबाशी पोतं टाकून बसलो. तिथंच चूक झाली. हसायचं नाटक, पण कुणी हसेना. पोरगं आपटलं तरी लोक आधी माझ्याकडं बघायचे, मग गप. पोरांचे आवाज बारीक होत गेले. मग सोनी आली. हिचं जुनं लुगडं, हातात पळी. खोट्या मिशीचा चेअरमन पुढं बसलेला. ती त्याच्यासमोर थांबली आणि माझ्याकडं बघून थिजली. बाई पडद्याआडून वाक्य सांगत होत्या. पोरीनं पळी खाली घेतली. आता ही रडणार आणि सगळं मोडणार, ते माझ्यापायी.

मी जागेवरनंच म्हणालो, "पोरी, पदर आधी कमरंला खोच. ती पदर खोचल्याबिगर कुणाला बोलत न्हवती."

सोनीनं पदर खोचला. पळी वर केली आणि असं खणखणीत बोलली, की पुढच्या खुर्चीवर बसलेला खरा चेअरमन उठला आणि निमूट मागं पोरांत जाऊन मांडी घालून बसला. शेडभर हशा फुटला. बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. मीही हसलो, नऊ दिवसांत पहिल्यांदा. तेवढ्यात समोर बायकांत भावजय दिसली. तिनं मला हसताना बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच मी घागर भरली. नदी कोरडी होती, दहाव्याचं पाणी घरूनच न्यायचं होतं. घाटाची वाट सोडून मी आधी थोरल्याच्या दारात गेलो. तो बाजेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी घागर खाली ठेवली. म्हणालो, "दादा, शिव्या वाटंनं दे. आधी उठ."

तो उठून बसला. बाजेखाली हात घालून वहाणा चाचपायला लागला.