भागाबाईंची अट आणि पाच चाके

धाव हा शब्द आता क्रिकेटच्या बातम्यांपुरताच उरला आहे. आमच्या भागात त्याचा पहिला अर्थ निराळा होता. बैलगाडीच्या लाकडी चाकाभोवती जी लोखंडी पट्टी चढवतात, ती धाव. चाकापेक्षा ती मुद्दाम किंचित लहान घडवतात, गोवऱ्यांच्या आगीत लाल होईपर्यंत तापवतात, तापून वाढली की चाकावर बसवतात आणि वरून पाणी ओततात. थंड होताना ती आकसते आणि लाकडाला कायमची आवळून धरते.

मोटारीच्या टायरलाही मराठीत धावच म्हणावे, असा माझा आग्रह होता. सत्तरच्या दशकात मी कामरगावच्या हायस्कुलात संस्कृत आणि मराठी शिकवीत असे. माझा हा आग्रह गावात एकट्या किसन लोहाराने मनावर घेतला. त्याचा परिणाम पुढे येईलच.

संध्याकाळी आम्ही चौघे हमीदभाईंच्या पंक्चरच्या दुकानासमोर बसत असू: हमीदभाई, किसन, मी आणि मोटारवाला सुखदेव. तेथले किस्से कोणी जमवले नाहीत. खुंटीवर जुन्या ट्यूबा एकीवर एक लटकत जातात, तसे ते साचत गेले. कोणती ट्यूब कोणत्या गाडीची, हे मात्र बसणाऱ्यालाच ठाऊक असते.

*

सुखदेव लष्करात ड्रायव्हर होता. तेथून सुटून आल्यावर त्याने एका जिनिंगवाल्याची लांब नाकाची विलायती मोटार विकत घेतली. भाड्याने ती लग्नांना, दवाखान्याला, क्वचित कोर्टात जाई. पण ती त्याने घेतली होती एका कामासाठी. छप्पन साली दसऱ्याला त्याची आई, भागाबाई, दहा वर्षांच्या सुखदेवचा हात धरून दीक्षेसाठी नागपूरला गेली होती. काही वाट मालगाडीने, उरलेली पायी. आता आईला स्वतःच्या मोटारीतून त्याच दसऱ्याला त्याच ठिकाणी न्यायचे, असे त्याने ठरवले होते.

अडचण टायरांची होती. त्या मापाचे टायर अकोल्यात नव्हते, अमरावतीतही नव्हते. अकोल्याच्या दुकानदाराने माप ऐकून सांगितले की, हे माप शेवटचे त्याच्या वडिलांनी विकले होते. तेव्हा चाकेच बदलणे आले. एक चाक कारंज्याहून मिळाले, एक वाशीमहून, एक अनसिंगच्या बागायतदाराने ट्रॉलीखालून काढून दिले, आणि टायर शाबूत असलेले चौथे मूळचेच राहिले. हमीदभाईंनी भोके पाडून सगळी बसवली.

भागाबाईंनी मोटारीभोवती एक फेरी मारली. जन्मभर त्यांनी लोकांच्या बैलगाड्यांवर मजुरी केली होती. चाकांतले त्यांना कळत असे.

"तीन गावचे चाकं मांगून आनले तुनं," त्या म्हणाल्या. "मांगलेल्या चाकावर मी नागपूरले नाई जात. ज्या दिशी सारे सारखे होतीन, त्या दिशी मले सांग."

*

त्या चार चाकांच्या उंचीत फरक असल्याने मोटार उजव्या अंगाला कललेली असे. मागे बसलेले लोक वळणावर नव्हे, सरळ रस्त्यावरच एकमेकांच्या अंगावर सरकत. सुखदेवने यावर एक शिस्त लावली. गिऱ्हाईक आले की तो आधी त्याच्याकडे नीट पाही आणि मगच त्याची जागा सांगे. जाड माणूस डावीकडे, हडकुळा उजवीकडे.

एका लग्नात नवरदेवाचा मामा फार स्थूल होता. मामाने नवरदेवाशेजारी बसायचे, हा मान. नवरदेव मागे उजव्या खिडकीशी बसला होता. सुखदेवने मामाला डावी खिडकी दिली, मामा रुसला, वऱ्हाड थांबले. अखेर मामाच्या मनासारखे झाले. मामा उजवीकडे, नवरदेवाला खेटून.

वधूच्या मंडपाशी मोटार पोचली तेव्हा उजवे दार उघडेना. मामाचे सारे वजन त्याच दाराशी जमा झाले होते, आणि नवरदेव दार व मामा यांच्या मध्ये होता. सुखदेवने वधूपित्याला शांतपणे सांगितले, "पाहुना आलेला हाय. पन बाहेर निघायले टाइम लागनार."

*

पहिला दसरा जवळ आला. अमरावतीच्या एका दुकानात सुखदेवला चार कोरे टायर मिळाले, सारखे, एकाच कारखान्याचे. मात्र ते रिमपेक्षा आतून इंचभर लहान होते. हमीदभाईंनी नुसते पाहून मान हलवली. "नहीं बैठेगा," म्हणाले आणि आपल्या कामाला लागले.

तेव्हा किसन बोलला. त्याने शेकडो गाड्यांना धावा चढवल्या होत्या. "गुरुजीच म्हनतात ना, टायर म्हंजे धाव? मंग धाव जशी बसवतात तशीच बसन. लोखंड तापून वाढते, तं रबर काहून नाई वाढनार?"

सुखदेवने माझ्याकडे पाहिले. उष्णतेने पदार्थ प्रसरण पावतात, हे पाठ्यपुस्तकातले वाक्य मी त्याला शब्दशः म्हणून दाखवले. माझा विषय संस्कृत आहे, याची आठवण त्या क्षणी कोणालाही झाली नाही.

गोवऱ्यांचे कडे रचले. पहिला टायर वर ठेवला. किसन एका हातात सांडशी आणि दुसऱ्या हातात पाण्याचा डबा घेऊन उभा राहिला. धावेच्या कामात सारे कौशल्य वेळ ओळखण्यात असते: लोखंड लाल झाले की उचलायचे. धूर शेजारच्या एसटी स्टँडवर पसरला. कारंज्याची एसटी शंभर पावले आधीच थांबली. हमीदभाई दुकान बंद करून निघून गेले. किसनची नजर मात्र ढळली नाही. टायर लाल होण्याची तो शेवटपर्यंत वाट पाहत राहिला.

टायर लाल झाला नाही.

भागाबाई नाकाला पदर लावून आल्या. गोवऱ्यांमध्ये उरलेले तारांचे वेटोळे त्यांनी काठीने उलटेपालटे केले. "पुढच्या साली कच्चंच लावा," एवढेच म्हणाल्या. उरलेले तीन टायर सुखदेव अमरावतीला परत करून आला. तो दसरा गेला.

*

पुढच्या वर्षी सुखदेवच्या पलटणीतल्या मित्राने कळवले की, लष्करी लिलावातून जीपची चाके मिळत आहेत. सुखदेवने चार विकत घेतली. मोठाली, जाड खाचांची, काळ्या मातीतून सहज निघतील अशी. मोटार एकदम उंच झाली. चढताना म्हाताऱ्या माणसांना दगड ठेवावा लागे.

आठवड्याने सुखदेवने दुकानात बातमी आणली की, कारंजा एक मैलाने जवळ आला आहे. मोटारीचे मीटर तसे दाखवीत होते. बांधकाम खात्यातून निवृत्त झालेला एक मुकादम तेथे बसला होता. त्या रस्त्याचे दगड त्याने स्वतः पुरले होते. तो म्हणाला की दगड खरे आहेत, मोटार खोटी आहे. सुखदेव म्हणाला की मोटार विलायती आहे, तिला खोटे बोलायचे कारण काय?

हमीदभाईंनी भांडण मिटवले. लांब ढांगा टाकणाऱ्याची पावले कमी भरतात, तसे मोठ्या चाकाचे फेरे कमी होतात आणि मीटर फेरेच मोजते, असे त्यांनी समजावले. मुकादमाला पटले. गावाला पटले नाही. ज्यांच्या लेकी कारंज्याला दिल्या होत्या, त्या आयांनी तर सुखदेवचीच मोटार खरी मानली.

*

मोठ्या चाकांनी आणखी एक गोष्ट केली. डावीकडे पुरते वळवले की पुढचा टायर मडगार्डला घासे आणि रबर जळल्याचा वास येई. तो वास गावाने एकदा घेतला होता. सुखदेवने सरळ ठरवून टाकले की, डावीकडे जोराने वळायचे नाही.

रामनवमीला पोहरादेवीचे भाडे आले. मार्ग त्याने आदल्या दिवशी आमच्यासमोर जमिनीवर काडीने काढला. मोठी वळणे सारी उजवीकडची होती. आम्ही तिघांनीही तो तपासला आणि निर्दोष ठरवला.

जाताना जे वळण उजवे असते, ते येताना डावे होते, ही गोष्ट सुखदेवच्या ध्यानात पोहरादेवीला पोचल्यावर आली.

तो दुसऱ्या वाटेने, सारखी उजवी वळणे घेत, वाशीमवरून परतला. गिऱ्हाइकांनी तक्रार केली नाही. एका भाड्यात एवढा मुलूख पाहायला मिळाला, म्हणून एका म्हातारबाने त्याला नारळ दिला. दुसऱ्या दिवशी हमीदभाईंनी छिन्नीने मडगार्डाची कड कापली, किसनने ती ठोकून आत वळवली आणि मोटार पुन्हा दोन्ही बाजूंना वळू लागली. किसन त्या कामावर फार मेहनत घेत होता. जळलेल्या टायराविषयी त्याला कोणी बोलले नव्हते.

*

दुसऱ्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी भागाबाईंना बोलावणे गेले. त्यांनी चारही चाकांवरून, बैलाच्या पाठीवरून फिरवावा तसा हात फिरवला. खाचा बोटांनी मोजल्या. सुखदेव लष्करी शिस्तीत ताठ उभा होता.

"इकत घेतले?"

"इकत घेतले, माय. पावती हाय."

भागाबाईंचा चेहरा सैलावला. तेवढ्यात त्यांना मागची डिकी उघडी दिसली. आत अनसिंगच्या ट्रॉलीचे चाक पडले होते.

"आन हे कोनाचं?"

"स्टेपनी हाय ते. वाटेत एखादं बसलं तं त्याच्या जागी लावा लागते."

"म्हंजे अर्ध्या वाटेतून मांगलेलंच."

सुखदेवने हमीदभाईंकडे पाहिले, हमीदभाईंनी माझ्याकडे. शब्दांच्या बाबतीत मी स्वतःला काटेकोर समजत असे. भागाबाईंच्या वाक्यात मला काहीही दुरुस्ती सुचली नाही. तो दसराही गेला. पाचव्या चाकासाठी सुखदेव त्या वर्षभरात तीन लिलावांना जाऊन आला.

*

तिसऱ्या दसऱ्याला आम्ही पहाटे निघालो. सुखदेव चालवीत होता, शेजारी हमीदभाई जॅक आणि पान्हे मांडीवर घेऊन, मागे भागाबाई आणि मी. किसनने मोटारीच्या दाराखाली एक लोखंडी पायरी बसवून दिली होती. भागाबाई तीवरून चढल्या. त्या पांढरे लुगडे नेसल्या होत्या. वाटेत दर थांब्याला डिकी उघडायला लावून पाचवे चाक आहे ना, ते बघत.

नागपूरच्या अलीकडच्या नाक्यापाशी, जिथून, छप्पन सालासारखीच, दीक्षेच्या ठिकाणी पायी जाणाऱ्यांची रीघ दाट होते, तिथे त्यांनी सुखदेवच्या खांद्यावर हात ठेवला आणि मोटार थांबवायला सांगितली.

पुढची हकिगत आमच्याकडे अजून सांगतात, कधी माझ्यासमोरही. सुखदेवने तीन वर्षे चाके जमवली, आणि ऐन नागपूरच्या वेशीवर टायर फुटला, म्हणून बिचाऱ्या बुढीला पायी जावे लागले, असे सांगतात. किसनचे नाव घेऊन हसतात. ऐकणाराही हसतो.

ते बरोबर नाही. भागाबाई स्वतः पायरीवरून उतरल्या. त्यांनी पदर खोचला. मोटारीच्या लांब नाकावर, बैलाच्या मानेवर ठेवावा तसा डावा हात ठेवला आणि चालू लागल्या.

"माय, बस ना," सुखदेव खिडकीतून म्हणाला. "सारे सारखे हायत आता."

"हायत. मी पाह्यले," त्या म्हणाल्या. "तू हळूहळू संगं चाल."

सुखदेवने पहिला गिअर टाकला. मोटार त्यांच्या पावलाने चालली, रिकामीच म्हणावी अशी, कारण मीही उतरलो होतो. हमीदभाई तर आधीच उतरले होते. त्यांनाही टायरच बसला असे वाटले होते. मोटार थांबताच त्यांनी पाचही चाके हाताने दाबून पाहिली होती. एकातही हवा कमी नव्हती.